डिस्कांचंही पुरुमेंत भरा : गोव्यातील वाचनालयांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल,
गोव्यातील सर्व सार्वजनिक व ग्रामीण वाचनालये

विषय : संगणकावरच्या जुन्या खेळांच्या आणि मुलांच्या शैक्षणिक डिस्कांच्या प्रती पावसाळ्यापूर्वी करून घेण्याबाबत व मूळ डिस्क न घालता त्या वापरात ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

संगणक विभाग असलेल्या वाचनालयात सीडींचं एक कपाट बहुधा असतंच. साधारण १९९५ ते २०१० या काळात विकत घेतलेले किंवा देणगीत आलेले खेळ, गोष्टी, बालगीतं, शब्दकोश, अभ्यासाच्या डिस्क त्यात असतात. नव्या संगणकांना डिस्कचा खण नसतो. जुन्या संगणकाचा ड्राइव्ह घरघरतो आणि डिस्क आत असतानाच ‘कृपया डिस्क घाला’ असं सांगतो. मग मोजणीच्या वेळी ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो आणि कपाट निर्लेखनाच्या यादीत जातं. ते जाऊ देऊ नका. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याचे, दिवस आहेत. सोलं, मिरच्या, खारी मासळी भरून ठेवताना या डिस्कांमधला मालही मृगाच्या आधी भरून घ्या, आणि यापुढे खेळ त्या साठ्यावरून चालवा. तसं केल्यावर मूळ डिस्क घालण्यावाचून गत्यंतर नाही असे खेळ थोडेच उरतात, आणि त्यांचं काय करायचं तेही पुढे लिहिलं आहे.

घाई का, ते आधी. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. माहिती असते ती वरच्या, म्हणजे चित्र छापलेल्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या पातळ थराला लागून. त्या थरावर फक्त लॅकरचा एक हात आणि छपाईची शाई. त्यामुळे खालच्या बाजूचा चरा पुष्कळदा निभावतो. वरच्या बाजूला चरा गेला की मजकूरच गेला. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो. तिथे चऱ्याची भीती कमी, पण कडेने दमट हवा शिरून चकत्या सुटू लागतात. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ साली डिस्क साठवण्यासाठी ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली होती. आपल्याकडे भर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि मिरामार, कळंगूट, वास्कोच्या पट्ट्यात वाऱ्याबरोबर मीठही येतं. ॲल्युमिनियम या दोघांपुढे टिकत नाही. बुरशीची गोष्टही खरी आहे: बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या उष्ण, दमट देशातून आणलेल्या एका सीडीवर जिओट्रिकम जातीची बुरशी डिस्कचे थर खाताना २००१ साली स्पॅनिश संशोधकांना सापडली होती.

कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या आजच काढा. पुस्तकांसाठी ठेवलेल्या असल्या तरी त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ आणि चिकट पडतं, आणि डिस्कचे पेटारे त्याच जातीचे असतात. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात डिस्क उभ्या ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. केशरी खड्यांचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते मुलांच्या हाती नको. रंग पालटला की खडे ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोनेक तास सुकवून पुन्हा वापरता येतात.

कुठल्या डिस्का आधी घ्यायच्या? इथे आमचं मत ठाम आहे: मराठी आणि कोंकणी डिस्का आधी, गाजलेले इंग्रजी खेळ शेवटी. इंग्रजी खेळ जगात हजार ठिकाणी जपले गेले आहेत आणि पुष्कळसे आजही रीतसर विकत मिळतात. मुलांसाठी काढलेल्या एखाद्या मराठी मल्टिमीडिया सीडीचा प्रकाशकच आज उरलेला नसेल, आणि जी प्रत आपल्या कपाटात आहे तीच शेवटच्या काही प्रतींतली असू शकते. या डिस्कांची एक खोड लक्षात ठेवा. त्या युनिकोडच्या आधीच्या असतात. अक्षरं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत असतात आणि तो फॉन्ट डिस्कवरच एका फोल्डरमध्ये दिलेला असतो. तो विंडोजमध्ये बसवला नाही तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग दिसते आणि डिस्क बिघडली असा समज होतो. प्रत करताना फॉन्टाचा फोल्डर वेगळाही काढून ठेवा.

आता खेळ डिस्क का मागतो ते पाहू, कारण उपाय त्यावर ठरतो. सगळ्यात साधी तपासणी म्हणजे सीडी ड्राइव्ह आहे का आणि त्यातल्या डिस्कचं नाव अमुक आहे का, एवढंच खेळ बघतो. काही खेळ डिस्कवरची एखादी ठरावीक फाइल शोधतात. काहींना खरोखरच गरज असते, कारण चलतचित्रं किंवा संगीत डिस्कवरूनच वाजतं. म्हणून सीडीवरच्या फाइली नुसत्या पेनड्राइव्हवर उतरवून चालत नाही. विंडोजच्या लेखी पेनड्राइव्ह हा सीडी ड्राइव्ह नव्हे. डिस्कची पूर्ण प्रत एका फाइलमध्ये, म्हणजे इमेज, करून ती आभासी ड्राइव्हमध्ये लावली की विंडोजला आणि खेळाला दोघांनाही ती सीडीच वाटते. चौथा प्रकार कुलपांचा, म्हणजे डिस्कची प्रत चालू न देणाऱ्या यंत्रणांचा: सेफडिस्क, सेक्युरॉम, लेझरलॉक, स्टारफोर्स. त्यांचं पुढे.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळजण करायची विसरतात. खेळ बसवताना ‘टिपिकल’ न निवडता ‘फुल’ निवडा. काही खेळ पूर्ण बसवल्यावर डिस्कचं नावही काढत नाहीत.

प्रत करण्याआधी डिस्क उजेडासमोर धरा. ट्यूबलाइट पलीकडून बारीक टिंबांसारखी दिसली तर ॲल्युमिनियम गेलेलं आहे. तशी डिस्क रांगेत पहिली घ्या. धूळ मऊ, सुती, धुतलेल्या कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं तर पडणारा चरा माहितीच्या रेषेबरोबर लांबवर जातो आणि ड्राइव्हला तो दुरुस्त करता येत नाही. आडवा चरा बहुधा निभावून जातो. बुरशीचे डाग असतील तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने एक चरा जातो आणि शंभर येतात. मधल्या भोकाला तडा गेलेली डिस्क मात्र ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२एक्स वेगाचा ड्राइव्ह सीडीला मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे देतो, त्या वेगात तडकलेली चकती फुटते आणि ड्राइव्हही घेऊन जाते.

यूएसबीवरचा बाहेरचा डीव्हीडी रायटर या कामाला पुरतो. अडचण येते ती विजेची. यूएसबी २ चं एक तोंड ५०० मिलिअँपिअर देतं आणि मोटर फिरू लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागतं. मग टक-टक आवाज येतो, ड्राइव्ह यादीतून नाहीसा होतो आणि परत येतो. दोन तोंडांची केबल वापरा, किंवा संगणकाच्या मागच्या बाजूच्या निळ्या यूएसबी ३ मध्ये जोडा. लांब एक्स्टेन्शन आणि विजेची जोड नसलेला हब टाळा. यूपीएस हवाच. वीज मधेच गेली तर अर्धवट फाइल तयार होते आणि ती पूर्ण असल्यासारखी दिसते.

वाचण्याचा वेग ८एक्सवर ठेवा. १एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, या हिशेबाने ७०० एमबीची सीडी ८एक्सवर दहा मिनिटांत वाचून होते. घाईने ४८एक्सवर वाचायला लावलं तर जुनी डिस्क थरथरते, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा मागे जातो आणि वेळ उलट जास्त लागतो.

इमेज कुठल्या प्रकारची करायची हे नीट ठरवा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे नोंदीचा एक तुकडा, २,३५२ बाइटांचा असतो आणि त्यातले २,०४८ बाइट म्हणजे प्रत्यक्ष माहिती. आयएसओ प्रकारात फक्त हे २,०४८ उतरतात. नुसत्या माहितीच्या डिस्कला तेवढं पुरे. पण नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ खेळांत पहिला ट्रॅक माहितीचा आणि पुढचे साध्या ऑडिओ सीडीसारखे असत. १९९६ चा ‘क्वेक’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. अशा डिस्कची आयएसओ केली तर खेळ व्यवस्थित चालतो, फक्त संगीत गप्प होतं, आणि ते गेलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: डिस्क संगीत वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, दुसऱ्या ट्रॅकपासून गाणी दिसली तर ‘बिन-क्यू’ जोडी करा. बिन फाइलमध्ये पूर्ण २,३५२ बाइट येतात आणि क्यू ही छोटी मजकुराची फाइल कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगते. क्यूच्या आत बिन फाइलचं नाव लिहिलेलं असतं. कुणी हौसेने बिनचं नाव बदललं की जोडी तुटते. नोटपॅडमध्ये क्यू उघडून तेच नाव तिथे लिहिलं की पुन्हा जुळते. कुलपं असलेल्या डिस्कांना सबचॅनलची, म्हणजे मुख्य मजकुराच्या जोडीने डिस्कवर असलेली पूरक, माहितीही लागते. ती सीसीडी-आयएमजी-सब या तिकडीत किंवा एमडीएस-एमडीएफ जोडीत उतरते.

फाइलींना देवनागरी नावं देऊ नका. मायबोलीचा अभिमान इथे बाजूला ठेवावा लागतो: जुन्या प्रोग्रामांना युनिकोड कळत नाही, नाव दिसलं की ते ‘फाइल सापडली नाही’ म्हणतात. रोमन अक्षरं, मधे जागा नाही, आणि सुरुवातीला आपला दाखल क्रमांक. देवनागरी नाव नोंदवहीत लिहा.

एकदा वाचून थांबू नका, दुसऱ्यांदा वाचा आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, काढून ताडून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते. चौसष्ट अक्षरांचा ठसा तंतोतंत जुळला तर प्रत पक्की. इथे एक मेख आहे: ऑडिओ ट्रॅक असलेली डिस्क दोन वेगळ्या ड्राइव्हांवर वाचली तर ठसे जुळणार नाहीत, आणि त्यात डिस्कचा दोष नसतो. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह ऑडिओ थोड्या पुढच्या किंवा मागच्या बिंदूपासून वाचायला लागतो. अशा डिस्कची दोन्ही वाचनं एकाच ड्राइव्हवर करा. इंग्रजी खेळांसाठी रीडम्प या सार्वजनिक सूचीत बरोबर प्रतींचे ठसे नोंदलेले आहेत. तिच्याशी ताडून पाहता येतं.

वाचताना चूक आली तर लगेच डिस्क टाकाऊ ठरवू नका. डिस्कवर सात शून्यं आणि एक अशा नावाची टीएमपी फाइल किंवा आयसीडी शेपटीची फाइल दिसली तर ते सेफडिस्क कुलूप आहे, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुरुवातीच्या भागातले शेकडो सेक्टर कारखान्यातच मुद्दाम खराब केलेले असत. ती बिघाडाची खूण नव्हे. खरोखर बिघडलेली डिस्क आधी दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून पाहा, कारण एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसऱ्यावर पुष्कळदा सहज वाचली जाते. तरी अडली तर लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तो चांगला भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा नकाशात टिपून ठेवतो आणि नंतर फक्त तेवढ्याच पुन्हा वाचतो. तोच नकाशा देऊन वेगळ्या ड्राइव्हवर पुढचं काम चालू ठेवता येतं.

प्रत हाती आली की ती लावायची. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर दोनदा टिचकी मारली की आभासी ड्राइव्ह तयार होतो. संगणक बंद करून चालू केला की तो जातो आणि पुन्हा लावावा लागतो. मुलांना एवढं शिकवून ठेवा म्हणजे ‘गेम गेला’ म्हणून कुणी धावत येणार नाही. फाइल कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये असेल तर विंडोज ती लावायला नकार देतं, म्हणून ती आधी संगणकाच्या एनटीएफएस डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये उतरवा. डीव्हीडीची ४ जीबीपेक्षा मोठी इमेज एफएटी३२ पेनड्राइव्हवर मावतच नाही. बिन-क्यू विंडोजला कळत नाही; त्यासाठी विनसीडीइम्यू हा मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. संगीत वाजतंय का, ते प्रत्येक खेळात प्रत्यक्ष ऐकून बघा.

खेळ बसवायचा तोही इमेजवरूनच. बसवताना ज्या ड्राइव्हचं अक्षर असतं तेच खेळ टिपून ठेवतो. खऱ्या ड्राइव्हवरून बसवला आणि मग इमेज लावली की अक्षर बदलतं आणि ‘डिस्क घाला’ सुरू होतं. ज्या संगणकाला खरा ड्राइव्हही आहे तिथे आणखी एक गंमत: काही जुने खेळ फक्त पहिला सीडी ड्राइव्ह बघतात. खरा ड्राइव्ह डी आणि आभासी ई असेल तर रिकाम्या डीकडे बघून खेळ रडतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन खऱ्याला झेड अक्षर द्या आणि आभासीला डी. यात दोन मिनिटं जातात, आणि आमच्या मते अर्ध्याअधिक तक्रारी इथेच मिटतात.

डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीचे खेळ डॉसबॉक्स या तिची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवा. तो क्यू फाइल सरळ घेतो आणि ऑडिओ ट्रॅकही वाजवतो. चार डिस्कांचा खेळ असेल तर चारही इमेज एकदम देऊन कंट्रोल आणि एफ४ दाबून बदलता येतात. टिचक्यांनी खेळायचे जुने गोष्टीरूप खेळ असतील तर ते चालवणारा स्कमव्हीएम हा प्रोग्राम पाहा. यादीतल्या खेळांना त्यात फक्त फाइली लागतात, डिस्कची विचारपूसच नाही. विंडोज ९५-९८ च्या खेळांत वेगळा अडथळा येतो: खेळ ३२-बिट असतो पण त्याचा बसवणारा प्रोग्राम १६-बिट, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट काही चालवत नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, जुनं विंडोज बसवून, इमेज त्यालाच जोडायची. त्यासाठी वाचनालयाकडे त्या जुन्या विंडोजचा परवाना हवा. टाकायला काढलेल्या संगणकावरचा स्टिकर खरवडून फेकण्याआधी हा विचार करा, आणि तो दुसऱ्या यंत्राला लागू होतो का ते परवान्यात वाचून घ्या.

आता कुलपं. सेफडिस्क चालायला विंडोजमध्ये सेकडीआरव्ही नावाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा सहायक प्रोग्राम, लागत असे. त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं होतं. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा अद्यतनाने व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद केला. थोडक्यात, पैसे मोजून घेतलेली अस्सल डिस्क खऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तरी आज ती चालत नाही. ग्राहकाने करार पाळला, कुलूप मात्र किल्लीसकट गंजलं. स्टारफोर्सचे जुने ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात शिरत. विंडोज १०-११ वर ते बसवण्याच्या भानगडीत पडू नका. अशा डिस्कची इमेज जपणुकीसाठी जरूर करा, पण ती लावून खेळ चालेल अशी आशा धरू नका.

त्या खेळांसाठी सरळ मार्ग तीन. एक, निर्मात्याने स्वतःच डिस्कची अट काढली आहे का ते बघा. ब्लिझार्डने २००८ साली स्टारक्राफ्ट (१.१५.२), वॉरक्राफ्ट ३ (१.२१बी) आणि डायब्लो २ (१.१२) यांच्या अधिकृत पॅचमधून, म्हणजे सुधारणेच्या फाइलीतून, ती काढली. स्टारक्राफ्टमध्ये डिस्कवरची इन्स्टॉल नावाची मोठी फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये ‘स्टारक्राफ्ट’ नावाने, एमपीक्यू शेपटी लावून ठेवली की काम झालं. दोन, जीओजीसारख्या दुकानातून तोच खेळ विनाकुलूप विकत घ्या. २००८ पासून त्यांचा धंदाच तो आहे. तीन, खेळाचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्राम, खुलं झालं आहे का ते पाहा. क्वेकचा स्रोत १९९९ मध्ये जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली खुला झाला. नव्या इंजिनाला आपल्या डिस्कवरच्या फाइली दिल्या की पुरे. इंटरनेटवर कुठूनही उतरवलेल्या, डिस्कची तपासणी काढून टाकलेल्या ‘नो-सीडी’ फाइली वाचनालयाच्या संगणकावर नकोत. त्यात व्हायरस असण्याची शक्यता असते, ती फाइल कुणी बदलली ते कळत नाही, आणि बदललेला प्रोग्राम वाटण्याचा हक्क तिथे कुणालाच नसतो.

कायद्याची धास्ती अनेक समित्यांना वाटते, म्हणून आमचं वाचन मांडतो. आपल्या वकिलाला दाखवून घ्या. प्रताधिकार कायदा, १९५७ चं कलम ५२(१)(एए) संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला दोन गोष्टींची मुभा देतं: ज्या कामासाठी तो प्रोग्राम दिला गेला त्या कामी वापरण्यासाठी प्रत करणं, आणि हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यांपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून राखीव प्रत करणं. घरी स्वतःच्या डिस्कची खासगी वापरासाठी प्रत करणाऱ्या सभासदाला पोटकलम (एडी) आहे. कलम २(एफए) प्रमाणे ना-नफा वाचनालयाने कायदेशीर प्रत वापरायला देणं हे ‘व्यावसायिक भाडं’ ठरत नाही. यातून एक शिस्त आपोआप येते: एक डिस्क, एक संगणक. इमेज एका वेळी एकाच यंत्रावर लावायची आणि तेव्हा मूळ डिस्क कुलपात हवी. ‘सगळ्या दहा संगणकांवर टाकून देऊ’ हे कलम ५२ मध्ये कुठेच बसत नाही.

कुलपाविषयी २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए आहे. ते हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला शिक्षा सांगतं आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामाला सूट देतं. पण अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, ही अटही त्यातच आहे. विनाकुलूप डिस्कची साधी इमेज करताना हा प्रश्न उद्भवत नाही. तरीही सभासदाची डिस्क प्रत करून द्यायची सेवा ठेवणार असाल तर वही पहिल्या दिवसापासून घाला.

देणगीत आलेल्या घरगुती डिस्कांपासून सावध राहा. ‘एका डीव्हीडीत १०० गेम’ प्रकार म्हणजे चोरीचा माल. तो जाणूनबुजून वापरण्याला कलम ६३बी मध्ये शिक्षा आहे. कारखान्यात छापलेली डिस्क खालून चंदेरी असते आणि मधल्या भोकाजवळच्या कड्यात बऱ्याचदा आयएफपीआय ही बारीक खूण असते. घरी लिहिलेली डिस्क हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते.

जिथे कायदाच तोकडा आहे तिथे आपण सगळ्यांनी मिळून बोलायला हवं. कलम ५२(१)(एन) सार्वजनिक वाचनालयाला जपणुकीसाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवू देतं, पण अट अशी की वाचनालयाकडे तिची ‘डिजिटल नसलेली’ प्रत हवी. छापील पुस्तक वाचवता येतं. सीडी मुळातच डिजिटल, म्हणून ती या सवलतीच्या बाहेर राहते. अमेरिकेत २००३ साली, ज्यांना चालायला मूळ डिस्क किंवा यंत्र लागतं अशा कालबाह्य स्वरूपातल्या प्रोग्रामांना आणि खेळांना कुलूपबंदीतून सूट दिली गेली होती. आपल्याकडे तशी मागणी गोव्यातल्या वाचनालयांनी एकत्र सहीने, पणजीतल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयालाही सोबत घेऊन, केंद्राच्या प्रताधिकार कार्यालयाकडे करावी. १८३२ साली सुरू झालेल्या ग्रंथालयाच्या शब्दाला वजन असतं.

कार्यकारिणीच्या ठरावात एवढं आलं तरी पुरे: डिस्कांचं निर्लेखन तूर्त थांबवावं, प्रत्येक डिस्कला दाखल क्रमांक देऊन इमेज, ठसा आणि पेटाऱ्याच्या मागे किंवा पुस्तिकेवर छापलेल्या सीडी-कीचा फोटो एकत्र ठेवावा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कांवर साठा करून एक शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाकडे द्यावी. सीडी-कीचा फोटो विसरू नका. ती कागदावर असते आणि कागदाला कसर डिस्कच्या आधी लागते. की हरवली तर निर्दोष इमेजही खेळ बसवायला उपयोगाची नाही. २०० भरलेल्या सीडींना आयएसओ प्रकारात साधारण १४० जीबी आणि बिन प्रकारात साधारण १७० जीबी जागा लागते, म्हणजे १ टीबीची हार्ड डिस्क भरपूर झाली. एका डिस्कला दोन वाचनं आणि नोंद धरून अर्धा तास जातो. दहावी-बारावी झालेले दोन विद्यार्थी सुट्टीत बसवले तर मे अखेर हे काम आटोपतं.

आपले,
गोव्यात जुन्या संगणकांची दुरुस्ती आणि जुन्या डिस्कांची जपणूक करणारे काहीजण

ता.क. : जुने संगणक भंगारात देताना त्यातले डीव्हीडी ड्राइव्ह काढून घ्या. मागे रुंद चपटी पट्टी लागत असेल तर तो आयडीई, अरुंद एल आकाराची खाच असेल तर साटा. साटाचा यूएसबी अडॅप्टर घेताना सोबत १२ व्होल्टचा चार्जर आहे ना ते बघून घ्या. मोठ्या आकाराच्या ड्राइव्हला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर त्याचा ट्रेसुद्धा उघडत नाही.